एका डिस्कच्या चाळीस प्रती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि ज्या कार्यालयांनी हा निर्णय शेवटपर्यंत लांबवला होता तिथे नव्या मशिनांची खोकी येऊन पडू लागली. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे जुन्याच मशिनांवर नवं विंडोज टाकून भागवावं, ही सोय बऱ्याच ठिकाणी उरली नव्हती.

एखाद्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय घ्या. ४० टेबलं, ४० मशिनं. प्रत्येकावर विंडोज, त्याची अपडेट, ऑफिस, टॅली, पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस आणि मराठी कळफलक. हाताने बसून केलं तर एका मशीनला तीन तास धरू. म्हणजे १२० तास. चार-पाच मशिनं शेजारी शेजारी लावून माणूस यातला वेळ बराच कमी करतो. पण वेळ हा यातला लहान प्रश्न आहे. चाळीस वेळा केलेलं काम चाळीस वेळा सारखं होत नाही, हा मोठा. सतराव्या मशीनवर एक अपडेट राहून जातं, तेविसाव्यावर ऑफिसची वेगळीच आवृत्ती पडते, आणि सहा महिन्यांनी ‘माझ्याच मशीनवर प्रिंट का येत नाही?’ या तक्रारीमागे हा राहून गेलेला फरक सापडतो. तोही सापडला तर.

यावरचा उपाय म्हणजे डिस्क इमेजिंग. एक मशीन नीट, सावकाश, हवं तसं लावायचं, त्याच्या डिस्कची इमेज काढून सर्व्हरवर ठेवायची आणि ती बाकीच्या मशिनांवर उतरवायची. आपल्याकडचे हार्डवेअरवाले याला वर्षानुवर्षं ‘घोस्ट मारणं’ म्हणत आले आहेत. प्रत काढण्याची ही कला ९०च्या दशकातच चांगली साधली होती. अवघड राहिलं ते वेगळंच. प्रत्येक प्रतीने मूळ मशीनच्या सवयी घ्याव्यात पण त्याची ओळख घेऊ नये, हे घडवून आणणं. इमेजिंगच्या कामात जे काही बिघडतं, त्यातलं पुष्कळसं याच एका ठिकाणी बिघडतं.

आधी प्रतीबद्दल. सर्वांत सरळ रीत म्हणजे डिस्कचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा प्रत्येक सेक्टर जसाच्या तसा उचलणं. यात डिस्कवर काय आहे हे समजून घ्यावं लागत नाही, म्हणून ती कुठेही चालते. पण ५१२ जीबीच्या एसएसडीवर फक्त ४० जीबी भरलेली असेल, तरी रिकाम्या जागेसकट सगळी ५१२ जीबी वाहून न्यावी लागते. गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११०च्या आसपास एमबी जातात. त्या वेगाने ५१२ जीबीला सव्वा तासाहून जास्त लागतो, ४० जीबीला सहा मिनिटं.

हा फरक ओळखून न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या बायनरी रिसर्च कंपनीत मरे हॅझार्ड यांनी १९९५मध्ये घोस्ट तयार केलं. घोस्टला फाइल सिस्टीम कळत होती. कुठला भाग भरलेला आहे आणि कुठला रिकामा, हे पाहून ते फक्त भरलेला भाग उचलायचं आणि वेगळ्या आकाराच्या डिस्कवरही नीट मांडून द्यायचं. डॉसमधून चालणारा हा प्रोग्राम एका फ्लॉपीवर मावत असे. १९९८मध्ये सिमँटेकने ही कंपनीच विकत घेतली आणि घोस्ट जगभरच्या कार्यालयांत आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये पोहोचलं. आज हेच काम क्लोनझिला मोफत करतं. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात ते तयार झालं. त्याच्या पोटातलं पार्टक्लोन विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची ईएक्सटी४ अशा कितीतरी फाइल सिस्टीम ओळखतं, आणि एखादी ओळखता आली नाही तर सेक्टर उचलण्याच्या जुन्या रीतीकडे वळतं.

तिसरी रीत मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाबरोबर आणली. तिच्यात डिस्कचा नकाशा नसतोच. फाइली आणि त्यांची माहिती तेवढी एका ‘विम’ फाइलमध्ये बांधलेली असते. एकच फाइल दहा ठिकाणी असेल तर ती एकदाच साठवली जाते. व्हिस्टापासून विंडोजच्या डीव्हीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर ‘इन्स्टॉल डॉट विम’ नावाची एक मोठी फाइल असते. आपण घरी विंडोज ‘टाकतो’ तेव्हा खरं तर मायक्रोसॉफ्टने आधीच तयार केलेली इमेज आपल्या डिस्कवर उतरत असते. इमेजिंग हे फक्त मोठ्या कार्यालयांचं तंत्र आहे, हा समज म्हणूनच बरोबर नाही. गेली जवळपास वीस वर्षं विंडोज बसवणारा प्रत्येक जण ते करतो आहे.

आता ओळखीकडे येऊ. विंडोज पहिल्यांदा बसतं तेव्हा ते स्वतःसाठी एक क्रमांक तयार करतं, त्याला एसआयडी म्हणतात. ‘एस-१-५-२१’ अशी सुरुवात आणि पुढे तीन मोठे आकडे. त्या मशीनवरच्या प्रत्येक खात्याचा क्रमांक याच्याच शेपटीला काही जोडून बनतो; अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्याला शेवटी नेहमी ५०० असतं. इमेज जशीच्या तशी ४० ठिकाणी उतरवली की ४० मशिनांचा एसआयडी एकच होतो, आणि त्यांवरची अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची खातीही क्रमांकाने एकच होतात.

यातून अनर्थ होईल अशी भीती ९०च्या दशकात सर्वत्र होती. १९९७च्या सुमारास मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी क्लोन केलेल्या मशीनचा एसआयडी बदलणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला; पुढे तो न्यूएसआयडी नावाने प्रसिद्ध झाला आणि कित्येक अ‍ॅडमिन इमेज उतरवल्यावर सवयीने तो चालवू लागले. मग नोव्हेंबर २००९मध्ये त्याच रसिनोविच यांनी, तोवर ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले होते, आपलं हे साधन मागे घेतलं. दोन मशिनांचा एसआयडी सारखा असल्याने नेमकं काय बिघडतं हे शोधायला ते बसले आणि त्यांना काहीच सापडलं नाही. मशीनचा एसआयडी तेव्हा नेटवर्कवरून ओळख पटवण्यासाठी पाठवलाच जात नव्हता. डोमेनमधल्या, म्हणजे कार्यालयाच्या मध्यवर्ती सर्व्हरवर नोंदलेल्या खात्यांना डोमेनचा एसआयडी असतो. डोमेन कंट्रोलर सोडले तर सारख्या एसआयडीने नुकसान होतं हा गैरसमज आहे, असं त्यांनी सविस्तर लिहिलं. त्याच वेळी त्यांनी हेही स्पष्ट केलं, की मायक्रोसॉफ्टची अधिकृत अट इमेज काढण्याआधी सिसप्रेप हे ओळख पुसणारं साधन चालवण्याची आहे आणि ती तशीच राहील.

अनेकांनी यातला पहिला भाग लक्षात ठेवला आणि दुसरा सोडून दिला. सोळा वर्षं ते चाललंही. मात्र २९ ऑगस्ट २०२५पासून आलेल्या अपडेटमध्ये विंडोज ११च्या २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्या व विंडोज सर्व्हर २०२५ ओळख पटवताना एसआयडी तपासू लागले आणि दोन्हीकडे तोच दिसला तर नकार देऊ लागले. ज्या कार्यालयांत कच्च्या क्लोनवर काम चाललं होतं तिथे शेअर केलेली फोल्डर उघडेनात, रिमोट डेस्कटॉप जोडला जाईना, बरोबर पासवर्ड दिला तरी तो पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला. मायक्रोसॉफ्टचं उत्तर असं, की तात्पुरता मार्ग हवा असेल तर सपोर्टकडून खास पॉलिसी मागून घ्या, पण कायमचा उपाय म्हणजे ती मशिनं मान्य पद्धतीने पुन्हा तयार करा. रसिनोविच २००९मध्ये चुकीचं बोलले नव्हते असं मला वाटतं. त्यांनी तेव्हाच्या विंडोजचं वर्णन केलं होतं, आणि ते अचूक होतं. ‘आज बिघडत नाही’ याचा अर्थ ‘चालतं’ असा घेणाऱ्यांनी मात्र आपल्या कार्यालयांवर सोळा वर्षं न दिसणारं ओझं चढवून ठेवलं.

शिवाय ओळख एसआयडीपुरती कधीच नव्हती. मोठ्या संस्थांमध्ये विंडोज सक्रिय करायला केएमएस सर्व्हर असतो. त्याच्याकडे किमान २५ वेगवेगळी मशिनं आली नाहीत तर तो कोणालाच सक्रिय करत नाही. क्लोन केलेल्या मशिनांचा क्लायंट क्रमांक सारखा असेल तर ४० मशिनं विचारायला आली तरी त्याच्या हिशेबी एकच मशीन येऊन गेलेलं असतं आणि गणती २५ला पोहोचत नाही. अपडेट वाटणाऱ्या डब्ल्यूएसयूएस सर्व्हरचंही तसंच: यादीत ४० नावांऐवजी एकच ओळ दिसते आणि तिचं नाव मधूनमधून बदलत राहतं. मूळ मशीन डोमेनमध्ये घालून मग इमेज काढली, तर सगळ्या प्रतींकडे एकाच मशीन खात्याचा पासवर्ड जातो. मशिनं तो दर ३० दिवसांनी आपोआप बदलतात, एकाने बदलला की बाकीच्यांचा डोमेनवरचा विश्वास तुटतो. लिनक्सही यातून सुटत नाही. मशीन-आयडीची फाइल आणि एसएसएचच्या यजमान किल्ल्या इमेजमध्ये राहिल्या, तर प्रत्येक प्रत स्वतःला तेच मशीन समजते.

या सगळ्यापेक्षा गंभीर गोष्ट मला वेगळीच वाटते, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. इमेजमधल्या लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड चाळीसही मशिनांवर एकच असतो. चोराने एक मशीन फोडलं, त्यातला पासवर्डचा हॅश उचलला, की मूळ पासवर्ड कळला नाही तरी तोच हॅश वापरून त्याला शेजारच्या मशीनवर आणि तिथून पुढच्या मशीनवर जाता येतं. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये यासाठी लॅप्स हे मोफत साधन दिलं. ते प्रत्येक मशीनला स्वतंत्र पासवर्ड ठरवून देतं आणि ठरावीक काळाने बदलत राहतं. एप्रिल २०२३पासून ते विंडोजमध्येच अंगभूत आहे. इमेजिंगचं काम घेणाऱ्याने लॅप्स लावल्याशिवाय काम पुरं झालं म्हणू नये.

सिसप्रेप हे ओळख पुसण्याचं अधिकृत साधन. मूळ मशीन पूर्ण लावून झालं की ते ‘जनरलाइझ’ या सूचनेसह चालवायचं. ते एसआयडी काढतं, त्या मशीनपुरते ड्रायव्हर बाजूला करतं, सक्रियतेची खूण पुसतं आणि मशीन बंद करतं. बंद झालेल्या त्या क्षणीच इमेज काढायची. मशीन पुन्हा सुरू केलं तर ते लगेच नवी ओळख धारण करतं आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. म्हणून अनुभवी लोक मूळ मशीन व्हर्च्युअल मशीनमध्येच तयार करतात आणि सिसप्रेपच्या अगोदर त्याचा स्नॅपशॉट घेऊन ठेवतात. पुढच्या वेळी तिथूनच काम सुरू.

सिसप्रेप अडतं ते बहुधा दोन कारणांनी. इंटरनेट चालू ठेवून मूळ मशीन तयार केलं, की स्टोअरमधली अ‍ॅप्स त्या एका वापरकर्त्यापुरती अपडेट होतात; सगळ्यांसाठी बसवलेली आवृत्ती वेगळी आणि याची वेगळी, असं दिसलं की सिसप्रेप थांबतं. दुसरं, नव्या विंडोज ११वर बिटलॉकरचं कूटबंधन अनेकदा न विचारता सुरू होतं आणि ते चालू असताना सिसप्रेप पुढे जात नाही. विंडोजच्या पहिल्या पडद्यावरच कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकत्र दाबून ऑडिट मोडमध्ये जावं, नेटवर्कची तार काढून ठेवावी, म्हणजे पहिली अडचण तरी टळते.

इथे मराठी कार्यालयांच्या खास उपयोगाची एक गोष्ट. मूळ मशीनवर मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक लावला, चाळीस ठिकाणी इमेज उतरवली, आणि नव्या लॉगिनमध्ये कळफलक फक्त इंग्रजीच दिसतो, हा अनुभव अनेकांना येतो. याचं कारण, कळफलकाची निवड मशीनची नसते, वापरकर्त्याची असते. ती त्याच्या प्रोफाइलमध्ये राहते. सिसप्रेपला जी उत्तरांची फाइल देता येते तिच्यात मराठी इनपुट आधीच नमूद करावं, किंवा लावलेलं प्रोफाइल सर्वांसाठी मूळ धरावं अशी सूचना द्यावी. फॉन्ट मात्र सगळ्यांसाठी म्हणून बसवले की ते मशीनबरोबर येतात, त्यांची काळजी नाही.

इमेज तयार झाली. आता ती पोहोचवायची. पेन ड्राइव्ह घेऊन टेबलामागून टेबल फिरता येतं, दहा मशिनांपर्यंत ते ठीकही आहे. त्यापुढे पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरूनच मशीन सुरू करण्याची सोय. इंटेलने १९९९मध्ये त्याची २.१ ही आवृत्ती ठरवली आणि पुढे नेटवर्क कार्डांमध्ये ते सर्रास येऊ लागलं. डिस्क पूर्ण कोरी असली तरी मशीन सुरू होताना नेटवर्क कार्ड हाक मारतं. डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देतो, कुठल्या सर्व्हरवरून कुठली फाइल घ्यायची ते कळतं, ती छोटी फाइल टीएफटीपीने उतरते आणि तिच्या मागोमाग विंडोजची किंवा लिनक्सची एक आटोपशीर आवृत्ती मेमरीतच सुरू होते. मग ती डिस्कचे भाग पाडते आणि इमेज मागवते. फॉग हा मुक्त स्रोत प्रकल्प याच तऱ्हेने चालतो आणि मध्यम आकाराच्या कार्यालयाला पुरून उरतो.

चाळीस मशिनांनी एकाच वेळी ४० जीबीची इमेज मागितली तर सर्व्हरच्या एका गिगाबिट तारेतून १६०० जीबी जायला हवेत. म्हणजे चार तास. मल्टिकास्ट ही अडचण मुळातून सोडवतं. शाळेत श्रुतलेखनाला बाई वाक्य एकदाच म्हणतात आणि सगळा वर्ग लिहितो, तसा सर्व्हर प्रत्येक तुकडा एकदाच पाठवतो आणि तो प्रत्येक मशीनला पोहोचवण्याचं काम नेटवर्कचा स्विच करतो. मशिनं चार असोत की चाळीस, वेळ जवळपास तोच. तैवानच्या त्या केंद्रात एका वर्गखोलीतल्या ४१ मशिनांवर ५.६ जीबीची इमेज क्लोनझिलाने साधारण दहा मिनिटांत उतरवल्याची नोंद क्लोनझिलाच्या निर्मात्यांनी केली आहे. पण श्रुतलेखनात सगळ्यांत सावकाश लिहिणाऱ्यासाठी थांबावं लागतं, तसंच इथेही. एक खराब तार असली आणि ते एक मशीन गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर जोडलं गेलं, की सहा मिनिटांचं काम तासाभराचं होतं, आणि सगळ्या खोलीसाठी होतं. म्हणून सुरुवात करण्याआधी स्विचवरचे दिवे पाहून घ्यावेत. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू नसेल तर हा प्रवाह कार्यालयातल्या प्रत्येक तारेत शिरतो आणि हिशेबनीसांचं कामही अडवतो. वायफायवर हे करायला जाऊच नये.

पातळ लॅपटॉपांना आता नेटवर्कची खाच नसते, म्हणून यूएसबीचा एक अ‍ॅडाप्टर लावून एकामागून एक लॅपटॉप तयार केले जातात. आणि इथे ओळखीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. अनेक सर्व्हर मशीन ओळखतात ते मॅक पत्त्यावरून, तो पत्ता अ‍ॅडाप्टरचा असतो, त्यामुळे दुसरा लॅपटॉप लावला की सर्व्हर म्हणतो, हे मशीन तर आधीच झालं. अशा अ‍ॅडाप्टरांचे पत्ते सर्व्हरला दुर्लक्षित करायला सांगावे लागतात.

ड्रायव्हरची कहाणी लांबवत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची मशिनं असतील तर ड्रायव्हर इमेजमध्ये भरू नयेत, उतरवताना मॉडेल पाहून घालावेत. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच मशिनांवर व्हीएमडी चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर नसेल तर डिस्क दिसतच नाही, एवढं ध्यानात असू द्यावं. आणि परवाना: मशीनबरोबर आलेल्या ओईएम विंडोजची इमेज काढून वाटता येत नाही. त्यासाठी व्हॉल्यूम लायसन्स लागतं आणि इमेजही त्याच्याच माध्यमावरून करावी लागते.

एका ठिकाणी बसून शेकडो डिस्क पुसून नव्याने लिहिण्याची ही ताकद हाताशी आली, की तिला कुंपणही घालावं लागतं. अमेरिकेतल्या अटलांटाच्या एमरी विद्यापीठात १४ मे २०१४ रोजी विंडोज ७ची इमेज उतरवण्याचा आदेश चुकून विद्यापीठाच्या सगळ्या विंडोज मशिनांना गेला. डेस्कटॉप, लॅपटॉप, सर्व्हरसुद्धा. त्या आदेशाची पहिली पायरी होती डिस्कचे भाग नव्याने पाडून फॉरमॅट करणं. लक्षात येताच आदेश देणारा सर्व्हर बंद केला गेला, पण तोवर त्याचीही डिस्क पुसली गेली होती. पुढचे कित्येक दिवस तिथल्या लोकांनी मशिनं पुन्हा उभी करण्यात घालवले. आदेश लागू होणारी यादी ‘सर्व मशिनं’ अशी कधीच असू नये, सर्व्हर त्या यादीत येऊच शकणार नाहीत अशी सोय असावी, आणि पुसण्याआधी समोर बसलेल्या माणसाने होकार द्यावा, हे नियम अशा दिवसांनी शिकवले आहेत.

अलीकडे मायक्रोसॉफ्ट वेगळ्या वाटेने चाललं आहे. ऑटोपायलटमध्ये इमेज उतरवतच नाहीत. कारखान्यातून आलेलं विंडोज तसंच ठेवून, कर्मचाऱ्याने लॉगिन केलं की त्यावरची सॉफ्टवेअर आणि नियम इंटरनेटवरून येतात. शहरांत, घरून काम करणाऱ्यांसाठी हे उत्तम आहे. पण जिथे चाळीस मशिनांमध्ये मिळून एकच साधी ब्रॉडबँड जोडणी आहे, किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये परीक्षेआधी साठ मशिनं सकाळपर्यंत सारखी हवी आहेत, तिथे स्थानिक सर्व्हर आणि इमेज यांना पर्याय मला दिसत नाही. बदलावं ते इमेजचं वजन. विंडोज, त्याची अपडेट, ऑफिस आणि फॉन्ट एवढंच आत ठेवावं. टॅली, अँटिव्हायरस, टोकनचं सॉफ्टवेअर यांसारख्या वारंवार बदलणाऱ्या गोष्टी उतरवल्यानंतर स्क्रिप्टने घालाव्यात. जाड इमेज पहिल्या दिवशी सोयीची वाटते, पण विंडोजची अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात आणि तिच्यातलं सगळं एकदमच जुनं होत जातं.

पहिल्याच दिवशी चाळीस मशिनं लावायला घेऊ नयेत. प्रत्येक मॉडेलची दोन घ्यावीत, कारण ओळखीची टक्कर एकट्या मशीनवर दिसत नाही. दोन्हींवर सिसइंटर्नल्सचं पीएसगेटएसआयडी चालवून आकडे वेगळे आहेत ना ते पाहावं. एकावरून दुसऱ्यावरचं शेअर केलेलं फोल्डर उघडावं, रिमोट डेस्कटॉप जोडून पाहावा, डब्ल्यूएसयूएसच्या यादीत दोन ओळी आल्या का ते तपासावं. नव्या वापरकर्त्याने लॉगिन करून मराठीत एक ओळ टाइप करावी, पासबुकाचं एक पान छापावं. मग उरलेल्यांना पीएक्सईवर लावावं.